तुझ्या घशाला काही झालंच नव्हतं

महानंदा, तुझ्या घशाला काही झालंच नव्हतं. हे मंगळवारी संध्याकाळी तूच मला सांगितलंस, हसत, त्या हवा सुटलेल्या आवाजात. बुधवारी सकाळी तू गेलीस. आज रविवार आहे आणि मला अजून मंगळवार आणि बुधवार एकमेकांशेजारी ठेवता येत नाहीत.

शाळेत प्रार्थना चालू होती तेव्हा तुझ्या नवऱ्याचा, शिवानंदभाऊजींचा फोन आला. "अरुणाताई, महानंदा गेली की हो," एवढंच म्हणाले. मी म्हटलं, "आजच? तुम्ही उद्या निघणार होतात ना पुण्याला?" मला वाटलं पुण्याहून लवकर बोलावणं आलं असेल. "गाडी कुठली मिळाली? बरोबर कोण आहे?" असं मी विचारत राहिले. मग मागून तुझ्या सासूबाईंचं रडणं ऐकू आलं. तरी मी फोन कानाला धरून म्हणत होते, "हॅलो, हॅलो, अहो तिला जास्त चालायला लावू नका." मुलं पसायदानाच्या ओळीत उभी होती. मुख्याध्यापकांनी माझ्या हातातून फोन काढून घेतला तेव्हा मला कळलं की मी किती जोरात बोलत होते.

आपली पहिली भेट आठवते तुला? मी शाळेत नवीन, तिसरीचा वर्ग मिळालेला. पलीकडं तुझी चौथी. मधली भिंत छतापर्यंत गेलेलीच नव्हती, वर हातभर मोकळी जागा. त्या जागेतून तुझा आवाज माझ्या वर्गात असा यायचा की माझी मुलं मान वर करून तुझं ऐकायची. आठवडाभर सोसलं आणि मधल्या सुट्टीत तुझ्या दारात येऊन उभी राहिले. मी पांढरपेशा घरातली, हळू बोलायची सवय. "बाई, तुमचा आवाज जरा..." एवढंच म्हटलं. तू फळा पुसत होतीस. मागं न वळता म्हणालीस, "तुमचा वाढवा की."

मी घरी जाऊन चिडचिड केली. दुसऱ्या दिवशी तू डब्यातली शेंगाची चटणी माझ्यापुढं सरकवलीस आणि खिडकीकडं बोट केलंस. खिडकीबाहेर बोळ, बोळाच्या पलीकडं यंत्रमागांची शेड. सकाळी शाळा भरायच्या आधीपासून खटाखट, खटाखट. टॉवेल विणायचं काम कधी थांबत नाही. "हितं हळू बोललं की शेवटच्या बाकापर्यंत पोचत न्हाय," तू म्हणालीस. "आणि ह्या पोरांचे आईबाप दिवसभर मागावर. घरी आल्यावर पण ओरडूनच बोलतात. आपण हळू बोललो की पोरांना वाटतं, बाई रागावल्या."

पुढं त्याच शाळेत आपण दोघी पन्नाशीला आलो.

तुला हे सगळं माहीत आहे. पण गेले चार दिवस मी घरात कुणाशी धड बोललेले नाही. बोलायचं तर तुझ्याशीच, म्हणून हे लिहायला बसले.

माझा आवाज तुझ्याआधी गेला होता. दोन वर्षांपूर्वी. आधी दुपारनंतर घोगरा व्हायचा, मग सकाळपासूनच, मग एके दिवशी हजेरी घेताना आवाजाऐवजी नुसती खरखर. डॉक्टरांनी नाकातून नळी घालून पाहिलं आणि स्वरतंतूंवर छोट्या गाठी आल्यात म्हणाले. काम करून करून हाताला घट्टे पडतात तशा, ओरडून ओरडून आलेल्या. तंतू म्हणजे काय, गळ्यातले दोन पडदेच, ते एकमेकांवर आपटून आपटून तसं होतं. काही दिवस बोलणं बंद, मग आवाजाचे व्यायाम, भरपूर पाणी, आणि वर्गात माईक.

बोलणं बंद होतं तेव्हा मी रजा घेतली नाही, कारण तू घेऊ दिली नाहीस. "फळ्यावर लिही तू, बाकी मी बघते," म्हणालीस. आणि बघितलंस! तू चौथीला भागाकार शिकवत असायचीस आणि मध्येच मान वर करून भिंतीवरून ओरडायचीस, "तिसरी! पान उलटा! खिडकीजवळचा मुलगा, तू खाली बस!" तुला माझा वर्ग दिसत नव्हता. तरी खिडकीजवळचा मुलगा दचकून खाली बसायचा. माझी मुलं त्या दिवसांची आठवण अजून काढतात. त्यांना वाटायचं, चौथीच्या बाईंना भिंतीतून दिसतं. दोन वर्गांना एका गळ्यावर ओढलंस तू, आणि मी धन्यवाद म्हणाले तर म्हणालीस, "गप की. बोलू नको, गाठी वाढतील."

नंतर माझा माईक आला. कमरेला छोटा स्पीकर, तोंडासमोर वाकडी तार. तू पहिल्यांदा पाहिलंस आणि व्हरांड्यात हसून हसून खाली बसलीस. "आली गं बाई, स्टँडवरची अनाउन्सर आली. मोहोळ, टेंभुर्णी, इंदापूर, पुणे, फलाट क्रमांक तीन!" पण मला त्याचा फरक पडला, आणि मी तुझ्या मागं लागले. तूही घे. तू नाही म्हणायचीस. मी पुन्हा म्हणायचे. तू म्हणायचीस, "माईकमधून आलेला आवाज सगळ्यांना सारखाच लागतो गं. मला एकाला रागवायचं असतं आणि त्याच वेळी दुसरीला समजवायचं असतं." मी म्हणायचे, "आणि गळा गेला म्हणजे?" "गेला तर गेला, माझाच हाय की."

हे भांडण आपण किती वेळा केलं! ते संपलेलं नाही, हेही सांगून ठेवते. तू मंगळवारी जिंकल्यासारखी हसलीस, पण मी हार मानलेली नाही.

मागच्या दिवाळीच्या सुट्टीत तू माहेरी अक्कलकोटकडं गेलीस आणि परत आलीस ती आवाज घालवून. घोगरा नव्हता, माझ्यासारखी खरखर नव्हती. पातळ. फुग्यातून हवा सुटावी तसा. एक वाक्य बोलायला तुला दोनदा दम घ्यावा लागायचा. आणि पाणी पिताना ठसका. घोट घेतलास की ठसका, चहा घेतलास की ठसका. मी म्हटलं, हे माझंच दुखणं. वर्षानुवर्षं मागांवर आवाज चढवलास, कधीतरी बिल येणारच. तुझ्या डॉक्टरांनीही तेच म्हटलं. आधी सर्दीचं औषध, मग आम्लपित्ताचं, मग 'कमी बोला'. सासूबाईंनी ज्येष्ठमध चघळायला लावला, दृष्ट काढली. स्टाफरूममध्ये प्रत्येकाकडं एकेक कारण होतं. कुणी खडूची धूळ म्हणालं, कुणी थायरॉइड म्हणालं, कुणी चटणी बंद कर म्हणालं. तू चटणी बंद केलीस. सोलापुरात राहून शेंगाची चटणी बंद केलीस तू, तेव्हा तरी मला कळायला हवं होतं की तू आतून घाबरली आहेस.

पण सगळ्या कारणांच्या मुळाशी एकच वाक्य असायचं, आणि ते तुझ्या तोंडावर म्हटलं जायचं. बाई फार ओरडायच्या.

तुझ्या पोरांनीही ते ऐकलं.

डिसेंबरात एके दिवशी माझ्या लक्षात आलं की भिंतीपलीकडून काहीच आवाज येत नाही. तुझा येत नव्हता हे ठीक, पण मुलांचाही नाही. मी दारातून डोकावले. अख्खी चौथी हाताची घडी घालून बसलेली. कुणाला पेन्सिल हवी असली तर खुणेनं मागत होती. मुख्याध्यापकांनी परिपाठात चौथीचं कौतुक केलं, शिस्त बघा म्हणाले. तू मधल्या सुट्टीत माझ्याजवळ येऊन बसलीस आणि डबा उघडलाच नाहीस.

"ती लावण्या हाय ना, पहिल्या बाकावरची," तू कुजबुजलीस. "तिनं खडीसाखर आणली पुडीत. तिची आई विड्या वळते, तिनं दिली. पोरगी म्हणते, बाई, आमच्यामुळं तुमचा आवाज गेला ना. आमी सगळ्यांनी ठरवलंय, आता कुणीच बोलायचं न्हाय."

"मग तू काय म्हणालीस?"

"काय म्हणणार? आवाजच निघंना. मान हलवली नुसती, न्हाय न्हाय म्हणून. तिला वाटलं, मी रडू आवरतेय." मग म्हणालीस, "अरुणा, ही काय शाळा हाय का दवाखाना? मला तिथं बसवत न्हाय."

तरी तू इलाजाला पुढं सरकत नव्हतीस. होईल की बरं, होईल की. संक्रांतीच्या गड्ड्यात, सिद्धेश्वरांच्या यात्रेत, मात्र ते घडलं. नंदीध्वजांची मिरवणूक तुमच्या बोळाच्या तोंडावरून जाते आणि तू दरवर्षी तिथं उभी राहून जयघोष करतेस, तो ऐकून लोक वळून बघतात. यंदा मीही आले होते. ध्वज समोर आले, हलग्या, फुलं, सगळे ओरडले. तू तोंड उघडलंस, हात वर केलेस आणि काहीच आलं नाही. नुसता श्वास. तू माझ्याकडं पाहिलंस. इतक्या वर्षांत तुझ्या चेहऱ्यावर मी ते पाहिलं नव्हतं. घरी जाताना म्हणालीस, "तुझ्या त्या नळीवाल्या डॉक्टरकडं घेऊन चल."

तिच्याकडं गेलो त्या दिवशी मी तुझ्याबरोबर आत बसले होते. डॉक्टरबाईंनी नाकातून बारीक नळी सोडली, तुझ्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि भिंतीवरच्या पडद्यावर तुझा गळा दिसू लागला. मी माझा पाहिलेला होता म्हणून मला वाटलं, आता गाठी दिसतील. दिसल्या नाहीत. दोन्ही तंतू पांढरे, स्वच्छ. डॉक्टरबाई म्हणाल्या, "ई म्हणा." तू ई म्हणालीस. उजवा तंतू मध्यापर्यंत आला. डावा जागचा हललाच नाही. "पुन्हा." पुन्हा तेच. एकानं टाळीला हात पुढं करावा आणि दुसऱ्यानं खिशातून काढूच नये, तसं.

डॉक्टरबाईंनी नळी काढली आणि विचारलं, "आवाज हळूहळू गेला की एकदम?"

"एकदम. चार दिवसांत."

"शाळा चालू होती?"

"सुट्टी होती. दिवाळीची."

"म्हणजे शिकवत नव्हता तेव्हा गेला. आणि एवढ्या दिवसांत विश्रांतीनं जराही सुधारला नाही." मग बीपीचं विचारलं. तू खांदे उडवलेस. "गोळी हाय. आठवली की घेते."

ते वाक्य मी तिथं बसून ऐकलं आणि तेव्हा मला त्यात काहीच वाटलं नाही. आता तेच सारखं कानात वाजतंय. दोन वर्षं आपण माईकवरून भांडलो. गोळीवरून एकदाही नाही.

डॉक्टरबाईंनी कागदावर गळा काढला, खाली छाती काढली. म्हणाल्या, "आवाज बसणं हा आजार नव्हे, लक्षण आहे. शिक्षकांचा बहुतेक वेळा वापरून बसतो, हे खरंच आहे. गोंगाटावर बोलायचं, पाणी कमी प्यायचं, धूळ. कुणाचा तंबाखूनं बिघडतो, कुणाचा पोटातलं आम्ल वर येऊन, कुणाचा मानेच्या ऑपरेशननंतर. कधी तिथं गाठ निघते, ती वाईटही असू शकते. म्हणून आम्ही सांगतो, दोन-तीन आठवड्यांत आवाज सुधारला नाही तर गुळण्या करत बसू नका, दाखवा. तुमचे तंतू चांगले आहेत. डाव्याला हलवणारी नस कुठंतरी दबली आहे, एवढं मला दिसतंय."

मग पेन त्या छातीवर नेलं. उजवीकडची नस वरच्या वर वळते. डावीकडची मात्र छातीत उतरते, हृदयातून निघणाऱ्या मोठ्या रक्तवाहिनीच्या कमानीखालून वळसा घालते आणि पुन्हा गळ्याकडं चढते. "या वाटेत कुठंही काही झालं तरी आवाज जातो. छातीचा स्कॅन करायचा. उद्याच करा."

तू चप्पल घालताना मला म्हणालीस, "नशी पण आपल्यासारख्याच की. जायचं शेजारी आणि वळसा घालायचा गावाला." मी हसले. देवाशप्पथ सांगते, आपण दोघी हसत जिना उतरलो.

तू दुसऱ्या दिवशीच स्कॅन केलास. पुढं ढकललं नाहीस, टाळलं नाहीस. सोमवारी डॉक्टरबाईंनी तुम्हा दोघांना बोलावून सांगितलं की त्या कमानीलाच फुगा आला आहे, तोच नस ओढतोय. लगेच इथल्या हृदयाच्या डॉक्टरांकडं पाठवलं. बीपीनं फुगा वाढतो म्हणून त्यांनी गोळ्या बदलल्या, पूर्ण विश्रांती सांगितली, पुण्याला ऑपरेशनसाठी फोन करून गुरुवारी दाखल व्हायचं ठरवून दिलं. हे सगळं मला मंगळवारी दुपारी भाऊजींनी फोनवर सांगितलं.

संध्याकाळी मी इथल्या शुक्रवार पेठेत तुझ्या घरी आले तेव्हा तू पलंगावर उशीला टेकून बसली होतीस आणि भाऊजी चहा करत होते. मी रडवेली होऊन आले होते. तू मला बघून टाळी वाजवलीस.

"बघ! घशाला काय झालंच न्हाय माझ्या!"

"महानंदा, छातीतली एवढी मोठी रक्तवाहिनी..."

"ते हाय, ते करतील पुण्यात. पण ऐक की. ओरडून न्हाय गेला माझा आवाज. डॉक्टरांना तीनदा विचारलं मी. ओरडल्यानं असं होत न्हाय म्हणाले. मागामुळं न्हाय, खडूमुळं न्हाय, चटणीमुळं न्हाय!" भाऊजींनी चहा आणून ठेवला आणि म्हणाले, "हळू बोल." तू त्यांच्यावर डोळे वटारलेस. "आता तर बोलणारच. तीन महिने सगळ्यांनी मला गुन्हेगार करून ठेवलं होतं."

मी म्हटलं, "तरी माईक घ्यायलाच हवा होतास. त्या मागांपुढं रोज ओरडणं गळ्याला चांगलं नाहीच."

"परत आल्यावर भांडू. लई मुद्दे हायत माझ्याकडं."

मग तू गंभीर झालीस. उद्या अर्धा तास शाळेत यायचं म्हणालीस. पोरांना सांगायचंय. ती लावण्या रोज पुडी आणते, तिला सांगायचंय की तुमच्यामुळं काही झालं नाही, बोला, दंगा करा. भाऊजी नाही म्हणाले. मी नाही म्हणाले. जिने चढायचे नाहीत, रिक्षात हादरायचं नाही, डॉक्टरांनी बजावलंय. मी म्हटलं, "मी सांगते ना त्यांना. उद्या सकाळीच सांगते."

"तू सांगू नको," तू म्हणालीस, आणि त्या फुसफुशीत आवाजातही ते असं म्हणालीस की मी कप खाली ठेवला. "माझी पोरं हायत. मी येऊन सांगीन. माझ्या आवाजात सांगीन. तुझ्या त्या स्पीकरमधून नको."

"बरं बाई, तूच सांग."

हे माझं तुझ्याशी शेवटचं बोलणं. निरोप घेताना काय म्हणाले, मला आठवतसुद्धा नाही. चप्पल सापडत नव्हती, गौरीनं कोपऱ्यातून काढून दिली, एवढं आठवतं. कॉलेजात जाणारी तुझी पोरगी, ती त्या वेळी तुझी पुण्याची बॅग भरत होती.

सकाळी तू उठलीस, तोंड धुतलंस, इष्टलिंगाची पूजा केलीस. पाठीत काहीतरी फाटल्यासारखं झालं म्हणालीस. भाऊजींनी गाडी बोलावली. दवाखान्याच्या दारापर्यंत सगळं संपलेलं होतं. ते मला पुन्हा पुन्हा विचारतात, "ताई, आमचं काय चुकलं?" त्यांनी डॉक्टरांनाही विचारलं. डॉक्टर म्हणाले, तो फुगा कधी फुटेल हे कुणालाच सांगता येत नाही, तुम्ही काही चुकीचं केलं नाही. भाऊजी मान हलवतात आणि पुन्हा तेच विचारतात.

आमच्याकडं माणसाला आडवं नेतात, महानंदा. तुम्हा लिंगायतांत बसवून नेतात हे मला माहीत होतं, पण ऐकून माहीत असणं वेगळं. मी बोळात वळले आणि तू दारात बसलेली. हिरवी साडी, कपाळभर विभूती, गळ्यात हार, गळ्यातलं लिंग तळहातावर. वर्गात खुर्चीवर बसायचीस तशी ताठ. मी एका बाईला ढकलून पुढं गेले. मला खरंच वाटलं की फोन चुकीचा होता. बसलेलं माणूस गेलेलं कसं असेल? भजन चालू होतं, कानडीत, मला शब्द कळत नव्हते. मी तुझ्या तोंडाकडं बघत राहिले. तू आता म्हणशील, काय बघतेस अशी, पाणी दे की. माझ्या शेजारी कुणीतरी म्हणालं, "बाई, सरा जरा." मी सरले नाही. मला गौरीनं हाताला धरून बाजूला नेलं. ज्या पोरीची आई गेली तिनं मला सावरलं.

गुरुवारी शाळा भरली. चौथीला शिक्षक नव्हता, मला दोन्ही वर्ग बघायला सांगितले. मी चौथीत गेलेच नाही. तिसरीत उभी राहून फळ्यावर काहीतरी लिहीत राहिले. शुक्रवारीही तेच. भिंतीपलीकडून काही आवाज नाही. बाहेर माग चालू, आत चाळीस-पन्नास मुलं, आणि काही आवाज नाही.

शनिवारी सकाळची शाळा. मी माईक काढून टेबलावर ठेवला आणि चौथीत गेले.

तू नको म्हणाली होतीस. मी सांगितलं. रागव माझ्यावर.

मी म्हटलं, "मुलांनो, बाईंना घशाचा आजार नव्हता." कुणी हललं नाही. मी म्हटलं, "तुमच्यामुळं त्यांचा आवाज गेला नव्हता." लावण्या खाली बघत होती. तिच्या मुठीत पुडी होती, शनिवारीही. कुणासाठी आणली होती तिनं, मला विचारवलं नाही. मागून एक पोरगी म्हणाली, "बाई, आमाला बरं वाटावं म्हणून सांगताय तुमी."

तेव्हा मी खडू घेतला. डॉक्टरबाईंनी काढलं होतं तसं फळ्यावर काढलं. डोकं, गळा, छाती, हृदय. हृदयातून निघणारी मोठी कमान. मग लाल खडूनं ती नस काढली, मेंदूकडून खाली, गळा ओलांडून खाली, छातीत, कमानीखालून वळसा, पुन्हा वर. मुलं बाकावर उभी राहून बघू लागली. मी फुगा काढला. म्हटलं, हा इथं होता. इथं आत. याच्यामुळं आवाज गेला आणि याच्यामुळंच बाई गेल्या. तुम्ही गप्प बसला असता काय आणि ओरडला असता काय, हा फुगा तिथंच राहिला असता. बाईंना हे मंगळवारी कळलं. त्यांना फार आनंद झाला होता. त्या बुधवारी स्वतः येऊन तुम्हाला सांगणार होत्या.

माझा आवाज मध्येच फाटला. शेवटच्या बाकापर्यंत पोचला की नाही, माहीत नाही.

लावण्या उठून फळ्याजवळ आली. बोटानं तिनं ती लाल रेघ वरून खालपर्यंत आणि पुन्हा वरपर्यंत गिरवली. बोट लाल झालं. "इतकं लांब?" तिनं विचारलं.

"इतकं लांब."

"मग आता आमी बोललं तर चालतंय?"

"बोला," मी म्हटलं. "बोला की."

लावण्या परत जागेवर जाऊन बसली. मग खिडकीजवळचा एक म्हणाला, बाईंनी मला एकदा कान धरून पहिल्या नंबरच्या मुलाशेजारी बसवलं होतं. दुसरी म्हणाली, बाई आमच्या घरी आल्या होत्या, माझ्या पप्पांना ओरडल्या होत्या. तिसरी तिच्यावर बोलू लागली, चौथा बाकावर चढला, कुणी तुझी नक्कल करू लागलं, कुणी त्याला नक्कल चुकली म्हणून मारू लागलं. सगळे एकदम तुझ्याबद्दल सांगत होते, एकमेकांवर आवाज चढवून, मराठीत, घरच्या तेलुगूत, रडत, हसत. मुख्याध्यापक दारात येऊन उभे राहिले. मला एकही शब्द धड कळत नव्हता. मी त्यांना गप्प बसा म्हटलं नाही.